वांगी रंगाची पट्टी

गुरुनाथ देवपुजारींनी उभी हयात लोकांच्या चोऱ्या पकडण्यात घालवली. नागपूरला वीज मंडळात ते मीटर तपासायला होते. कुणी तारेवर आकडा टाकलाय, कुणी मीटरचं सील उघडून परत चिकटवलंय, हे त्यांना फाटकातूनच कळायचं म्हणे. घरमालक शपथा घेऊ लागला की हे शांतपणे मीटरकडे बघत राहायचे. "तुम्ही नका बोलू, त्याला बोलू द्या," असं म्हणायचे आणि स्वतःवरच खूश व्हायचे.

रिटायर झाल्यावर खूश व्हायला दुसरं काहीतरी हवंच होतं. त्यांनी होमिओपॅथीची पुस्तकं आणली, कोऱ्या साखरगोळ्या किलोच्या भावात आणल्या, त्यांवर औषधाचे थेंब टाकून बाटल्या भरल्या आणि संध्याकाळी व्हरांड्यात लाकडी पेटी उघडून बसू लागले. पोराची सर्दी, सुनेची डोकेदुखी, शेजाऱ्याचं अपचन, सगळी कॉलनी आबांकडे. पैसा एक घेतला नाही कधी. पण "आबा, तुमच्या गोळीनं उतार पडला हो," हे वाक्य ऐकल्याशिवाय माणसाला फाटकाबाहेर सोडतील तर शपथ! मधुमेहाच्या लोकांनाही ते बिनदिक्कत गोळ्या द्यायचे. साखर आहे ना यात, असं कुणी विचारलंच तर म्हणायचे, "थेंब पडला की ती साखर राहत नाही. औषध होतं."

ते २००५ सालच्या उन्हाळ्यात मुलाकडे अमेरिकेला गेले. मुलगा संजीव शिकागोजवळ शॉमबर्गला कॉम्प्युटरच्या नोकरीत होता. त्याचा शंतनू चार वर्षांचा, आणि त्या पोराला फिट्स यायच्या. दिवसातून किती यायच्या ते विचारू नका. दोन औषधं झाली, तीन झाली, काही उपयोग नाही. दीड वर्षाचा असताना चुरुचुरु बोलणारं पोर हळूहळू एकेक शब्द विसरत गेलं आणि शेवटी गप्प झालं. मग हॉस्पिटलवाल्यांनी कीटो डाएट सुचवलं. सून उल्का एकटी किती बघणार? म्हणून आबांना बोलावणं गेलं. संजीवनं फोनवर एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली होती. "आबा, इकडे तुमच्या गोळ्या नकोत हं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याला काहीही द्यायचं नाही." आबा "बरं" म्हणाले आणि बॅगेत कपड्यांच्या घडीत लहान पेटी ठेवली.

त्या घरातलं स्वयंपाकघर पाहून आबा चाटच पडले. पोळी नाही, भात नाही, वरण नाही. ओट्यावर सोनाराकडे असतो तसला इवला काटा, आणि त्यावर उल्का लोणी, क्रीम, तेल, अंड्याचा बलक असं ग्रॅम-ग्रॅम तोलत उभी. वाटीला चिकटलेलं तूपसुद्धा रबरी चमच्यानं निपटून पोराच्या पोटात गेलं पाहिजे. साखर, पीठ, फळ मात्र जवळपास बंद. पोरानं केळ्याकडे बोट दाखवलं की ती तोंड फिरवून सिंकचा नळ सोडायची.

"आबा, शरीराला साखर मिळालीच नाही ना, की ते चरबी जाळायला लागतं," तिनं समजावून सांगितलं. "त्यातून कीटोन तयार होतात. ते अंगात आहेत तोवर फिट येत नाही. थोडी जरी साखर पोटात गेली तरी सगळं मुसळ केरात!"

हे मोजायचं कसं, तर लघवीत एक कागदी पट्टी बुडवायची, थोडं थांबायचं आणि तिचा रंग बाटलीवरच्या रंगांशी ताडून बघायचा. बदामी म्हणजे वाईट, गुलाबी म्हणजे बेताचं, आणि वांग्याच्या सालीसारखा गडद जांभळा म्हणजे आजचा दिवस सुखाचा. पोर मलूल दिसलं तर बोटाला सुई टोचून रक्तातली साखरही बघायची, कारण ती फार खाली जाऊनही चालत नाही. सुई टोचणं आबांच्यानं होईना. पोरानं हात मागे घेतला की यांच्याच डोळ्यांत पाणी. ते काम उल्काकडे राहिलं. पट्टीचं काम मात्र आबांनी मागून घेतलं. "मी जन्मभर रीडिंगच घेतलंय, सूनबाई!"

आणि खरंच त्यांनी ते चोख केलं. सकाळ-संध्याकाळ खिडकीच्या उजेडात चष्मा सावरून पट्टी न्याहाळायची आणि घरभर ऐकू जाईल असं ओरडायचं, "वांगं!" उल्का ओट्यापाशी डोळे मिटून हात जोडायची. पट्टी गडद होत गेली तशा फिट्स कमी होत गेल्या आणि ऑगस्टमध्ये थांबल्या. पुढे एका सकाळी आबा पट्टी घेऊन खिडकीशी गेले, तर मागून शंतनू म्हणाला, "पर्पल, आबा."

बाप्पा! आबांच्या हातातली पट्टी गळून पडली. उल्का धावत आली, तिनं त्याला पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा म्हणायला लावलं, आणि शेवटी जमिनीवर बसून हुंदके देऊन रडली. मग रोज एकेक शब्द यायला लागला. बस, शूज, आई, नो, स्नो कधी. त्या घरात इतकं हसू कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

आता पेटीचं सांगतो. आबांनी आल्या आठवड्यातच ती उघडली होती. उल्का दुपारी कपडे धुवायला तळघरातल्या मशीनकडे गेली की हे शंतनूला जवळ घ्यायचे, "जीभ!" म्हणायचे, आणि बाटलीच्या झाकणातून चार गोळ्या त्याच्या जिभेवर सोडायचे. हात लावायचा नाही, चावायची नाही, विरघळू द्यायची. पोराला हा खेळ भारी आवडला. आबा जवळ वाकले की जीभ बाहेर! क्रीम आणि तेल पिऊन कंटाळलेल्या जिवाला दिवसातला तेवढाच एक गोडवा होता, पण तो गोडवा आहे हे आबांच्या मनातच आलं नाही. मनात एवढंच होतं, की पोर बोलायला लागलं ते नुसत्या लोण्यानं का? जरा अजून सुधारू दे, मग सांगू, की बाबांनो, हे श्रेय कुणाचं! शहाण्या माणसाचं डोकं एकदा स्वतःच्या कौतुकात अडकलं की त्याला कोण काय सांगणार.

तेवढ्यानं पट्टीचा रंग हलला नाही, हेच वाईट झालं. हलला असता तर वेळीच कळलं असतं.

नोव्हेंबरात शंतनूला सर्दी-ताप झाला. उल्कानं हॉस्पिटलमधल्या आहारतज्ज्ञ बाईंना फोन करून विचारलं, बिनसाखरेचंच औषध आणलं, त्यावरचं बारीक अक्षर दोनदा वाचलं. आणि आबांनी काय करावं? सर्दीची बाटली काढली. सर्दीत तासातासानं गोळी द्यायची, असं त्यांचं पुस्तक सांगत होतं. उल्का पाठमोरी झाली की जीभ, ती बाथरूममध्ये गेली की जीभ. शिवाय तापाची वेगळी बाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी गुलाबी झाली. आबांना वाटलं, डोळ्यांचा दोष. दुसरी बुडवली, तीही गुलाबी. संध्याकाळी बदामी.

"तापानं असेल," संजीव म्हणाला.

"ताप नाही," आबा म्हणाले. त्यांच्यातला तपासनीस खडबडून जागा झाला होता. "रीडिंग असं पडत नाही. घरात चोरी होतेय. कुणीतरी याला गोड देतंय."

मग काय, झडतीच सुरू झाली. टूथपेस्ट बदलली. व्हिटॅमिनची बाटली फेकली. काटा बरोबर दाखवतोय का ते ताडून पाहिलं. उल्कानं त्यांनाही विचारलं, "आबा, तुम्ही त्याला काही खायला नाही ना दिलं? चुकून?"

"खायला? छे! मी काय वेडा आहे?" आबा दुखावले, आणि खोटं बोलतोय असं त्यांना क्षणभरही वाटलं नाही. खायला त्यांनी खरंच काही दिलं नव्हतं.

संशय फिरून फिरून कांचनवर आला. कांचन पुण्याची, त्याच कॉम्प्लेक्समध्ये राहायची. अमेरिकेतल्या त्या एकटेपणात उल्काला तिच्याशिवाय जिवाभावाचं माणूस नव्हतं. उल्का फार्मसीत गेली असताना ती शंतनूपाशी बसली होती आणि तिच्या पर्समध्ये लेकीसाठी घेतलेल्या चॉकलेटचे कागद आबांनी पाहिले होते. तेवढा पुरावा त्यांना बस्स झाला. दारातच त्यांनी तिला उभी केली.

"खरं सांग, पोरी. किती दिलंस?"

"काका, देवाशप्पथ, मी त्याला हातसुद्धा नाही लावला!"

"शपथा नकोत. मी शपथा फार ऐकल्यात. पट्टी बघ ही."

कांचननं उल्काकडे पाहिलं. उल्काची नजर त्या बदामी पट्टीवर होती. कांचन रडत निघून गेली, आणि आबांना वाटलं, सुटलो बुवा. त्या आनंदात त्यांनी शंतनूला जवळ घेऊन तापाची गोळी दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोराला फिट आली. आली ती थांबेचना. उल्कानं फोन केला, ॲम्ब्युलन्स आली, त्यांनी वाटेतच इंजेक्शन दिलं, हॉस्पिटलात आणखी दिलं, तरी ते इवलं अंग ताणून ताणून थरथरतच होतं. संजीव ऑफिसातून पोचला तेव्हा कुठे ते थांबलं होतं. आहारतज्ज्ञ बाई रक्ताचा रिपोर्ट घेऊन आल्या. कीटोन जवळजवळ नाहीत आणि साखर त्याच्या नेहमीपेक्षा बरीच वर. आजारपणानं थोडंफार होतं, त्या म्हणाल्या, पण याच्या पोटात कुठून तरी साखर जातेय. नीट आठवा. डॉक्टर म्हणाले, फिट फार वेळ चालली. जाग आल्यावर कितपत परत येईल ते आज सांगता येणार नाही.

जाग आली ती दुसऱ्या दिवशी. डोळे उघडले, पण ते कुणावर ठरेनात. "शंतनू, बाळा, आई आहे रे," उल्का त्याच्या गालांवरून हात फिरवत होती. काही नाही. संजीवनं त्याची आवडती बस डोळ्यांसमोर धरली, तिच्या रंगाचं नाव विचारलं. काही नाही. ती बस त्याच्या उशाशी ठेवून संजीव बाहेर गेला, रडायला.

"आबा, तुम्ही बोलून बघा ना," उल्का म्हणाली. "तुमच्याशीच तो पहिल्यांदा बोलला होता."

आबा पलंगाशी गेले. पट्टीचा रंग विचारावा म्हणून ते पोराच्या तोंडाजवळ वाकले. त्यांनी शब्द काढायच्या आधीच शंतनूचे ओठ विलग झाले आणि जीभ बाहेर आली. बाहेर आली आणि थांबली.

"हे काय?" उल्काच्या चेहऱ्यावर आधी आनंदच होता. "आबा, त्यानं तुम्हाला ओळखलं! पण तो जीभ का काढतोय?"

मीटरपाशी पकडलेली माणसं आबांनी आयुष्यभर पाहिली होती. कशी घाम पुसतात, कशी नजर चुकवतात, सगळं पाठ होतं. "मला काय माहीत," एवढंच म्हणायचं होतं, आणि ते त्यांच्या ओठांवर आलंही होतं. पण पोराची जीभ तशीच बाहेर होती. आबांचा हात कोटाच्या खिशात गेला आणि त्यांनी ती बाटली उल्काच्या हातावर ठेवली.

तिनं झाकण उघडलं. वास घेतला. मग दोन गोळ्या स्वतःच्या जिभेवर टाकल्या आणि विरघळू दिल्या.

"गोड आहेत, आबा," ती म्हणाली.

पर्पल गेलं होतं, बस गेलं होतं, आई गेलं होतं. शिकलेल्या सगळ्यातलं पोराला तेवढंच आठवत होतं, आणि ते आबांकडे बघत जीभ काढून वाट पाहत होतं.