डाव्या हाताची बुक्की

कूलर उतरवताना मी पडलो नाही, हे आधी सांगून ठेवतो. दसरा झाला की अमरावतीत घरोघरचे कूलर खिडकीबाहेरून आत येतात. आमचा पहिल्या मजल्यावर, लोखंडी घोडीवर. बायको म्हणाली होती, कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलवा, अर्ध्या तासाचं काम आहे. पण वीस-बावीस वर्षं कडे चढणाऱ्या माणसाला हे ऐकवत नाही. मी गच्चीच्या खांबाला दोर बांधला, हार्नेस चढवला, गाठ दोनदा तपासली, हेल्मेटसुद्धा घातलं. कूलर बाळासारखा अलगद अंगणात उतरवला, मागोमाग मी उतरलो. हार्नेस काढला, हेल्मेट काढलं, बायकोकडं ऐटीत वळलो, आणि अंगणात पसरलेल्या त्याच दोरात पाय अडकून उजव्या हातावर आडवा झालो.

हाड शाबूत होतं. डॉक्टर म्हणाले, मनगटावर दोन महिने जोर नको. आमची या हंगामातली पहिली चढाई होती महिन्याभरावर.

आमची म्हणजे तिघांची. पूर्वी चौघं होतो. उन्हाळा आणि पावसाळा आम्ही घरी बसतो. पाऊस संपून कातळ वाळला की सातपुड्याच्या पायथ्याशी, परतवाड्याच्या पलीकडं, एका ओळखीच्या शेतामागच्या काळ्या कड्यावर जातो. कडा चार मजली असेल. अकोल्याचा मित्र पुढं चढतो आणि मी खाली उभा राहून त्याचा दोर धरतो. तो निसटला तर माझ्या उजव्या हातानं त्याला थांबवायचं, एवढंच माझं काम, आणि ते मी वीस वर्षं केलंय. तिसऱ्या आमच्या मॅडम, शाळेत खेळ शिकवतात, मूळच्या धारणीकडच्या.

आमचा एक नियम आहे. पहिल्या दिवशी, न्याहारी करताना, सुट्टीत काय काय मोडलं ते प्रत्येकानं सांगायचं. जे बरं झालं त्यावर हसायचं. ज्याचं बरं झालं नाही त्यानं दोराला हात लावायचा नाही, शेतात गोवऱ्या पेटवून सगळ्यांसाठी कणकेचे जाड रोडगे भाजायचे. नियम चांगला आहे. पण चौथा मित्र तीन वर्षांपूर्वी गुडघ्यापायी रोडग्यांवर बसला, तो पुन्हा दोरावर आलाच नाही. पुढच्या वर्षी तर घरूनच निघाला नाही. मी बावन्न वर्षांचा. मला रोडगे खायला आवडतात, भाजायची भीती वाटत होती.

बायकोनं निघताना एवढंच विचारलं, सांगणार आहात ना त्यांना? मी म्हणालो, हो तर.

पहिल्या दिवशी शेताच्या बांधावर ज्वारीची भाकर, ठेचा आणि वांग्याची भाजी उघडली. अकोलेकरानं आधी सांगितलं. त्यांच्या घरात तीन पिढ्या कापूस पिंजून गाद्या भरतात, आणि त्याची पाठ धरली ती गादी उचलताना. सगळ्या वऱ्हाडाला आमच्या खानदानानं मऊ झोपवलं, तो म्हणाला, अन् मलेच जमिनीवर झोपा लागलं महिनाभर. मॅडमचा पाय मुरगळला होता मुलींना लंगडी शिकवताना; पुढचे पंधरा दिवस त्या मुलींना वाटलं की बाई अजून शिकवूनच राहिल्या. दोघंही आता ठणठणीत होते. मग खानदानाचा विषय निघाला तो निघालाच. मॅडमचे आजोबा मधासाठी कडे चढायचे, दोर नाही, हेल्मेट नाही, आणि घरी येऊन कोणाला सांगायचेही नाहीत. माझ्या घराण्याबद्दल अकोलेकर बोलला. आम्ही नांदगाव खंडेश्वरकडचे, पिढ्यान् पिढ्या वांगी, मिरच्या, भेंड्या लावणारे. तुमच्या खानदानात कमरेच्या वरचं कोणी काही पाह्यलं का, असं त्यानं विचारलं, आणि वर माझ्याच घरच्या वांग्याची भाजी दुसऱ्यांदा वाढून घेतली.

"तुयं सांग," तो म्हणाला.

"काही नाही. एकदम फिट," मी म्हणालो.

इथं कांदे आले. न्याहारीचे कांदे चिरायचे नाहीत, बुक्कीनं फोडायचे, आणि ते काम पहिल्यापासून माझं. मॅडमनी तीन कांदे सवयीनं माझ्यापुढं ठेवले. मी उजवा हात मांडीखाली सारला, जणू तिथंच त्याचं काम होतं, आणि डाव्या हातानं बुक्की मारली. कांदा फुटला नाही. टुणकन उडून बांधावरून घरंगळत तुरीत गेला. मॅडम हसत हसत आणायला गेल्या. दुसराही गेला. अकोलेकर हसला नाही. त्यानं तिसरा कांदा उचलला, स्वतः फोडला आणि मोठा वाटा माझ्या भाकरीवर ठेवला.

मग आम्ही कड्याखाली गेलो. त्यानं दोर कमरेला बांधला, दुसरी बाजू माझ्या हातात दिली. मी ती माझ्या हार्नेसमध्ये अडकवली. मूठ आवळून पाहिली, अर्ध्यावर कळ आली आणि बोटं आपोआप उघडली. त्यानं कातळावर हात ठेवला. दरवर्षी या वेळी तो मागं न बघता एकच विचारतो.

"धरलं न?"

वीस वर्षं मी याला हो म्हणत आलो. तो कधी वळून बघत नाही. त्याच्या घरी दोन मुली आहेत, म्हातारी आई आहे, आणि तो वळून बघत नाही.

"थांब," मी म्हणालो. "मले नाही धरता येत. मनगट गेलं हाये."

तो कातळापासून मागं सरकला आणि गाठ सोडायला लागला. चेहऱ्यावर राग नव्हता.

"कांद्यापासून वाट पाहून राह्यलो," तो म्हणाला. "मी काही चढणार नव्हतो, भाऊ. फक्त पाहून राह्यलो होतो, तू कधी बोलतं."

मग कूलरची सगळी गोष्ट सांगावी लागली, हेल्मेटसकट. मॅडम हसता हसता खाली बसल्या. नंतर माझ्या हातातून दोर घेऊन त्यांनी तो स्वतःच्या हार्नेसमध्ये अडकवला, मूठ दोनदा आवळून दाखवली, आणि अकोलेकर पुन्हा गाठ बांधून चढला. मी शेतात गोवऱ्या रचल्या. पहिले चार रोडगे कोळसा झाले, पण बाकीचे असे खरपूस उतरले की मॅडमनी डाळीत चुरून तीन खाल्ले. वर कड्याच्या टोकावर दोर सोडून बसलेला अकोलेकर ओरडून विचारत होता, उरले का नाही. डिसेंबरात मनगट दाखवायला ये, मग पाहू, असं तो जेवताना म्हणाला. दोराची पिशवी मात्र त्यानं माझ्याच गाडीत ठेवली, दरवर्षीसारखी.

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. खरं बोललो याचं थोडं कौतुक होईल अशी आशा होती. तिनं पूर्ण ऐकून घेतलं, डब्यातून उरलेला एक रोडगा काढला, तोडून चाखला.

"चांगला भाजला," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी कूलर उतरवाले त्या मॅडमले बलवा. तुमी खाली रोडगे भाजा."