सोमवारचा उपास आणि खडीसाखर

पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. म्हणून दुसऱ्या खेपेला, सातव्या महिन्यात, डॉक्टरांनी रक्तातली साखर वाढल्याचं सांगून इन्सुलिनची सुई सुरू केली, तेव्हा माझा धीरच सुटला. राणीसावरगावात आमच्या घरी रोज तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा होते. मी ती कधी चुकवली नव्हती. मग माझ्याच वाट्याला हे का, असं मनात येई आणि तसं मनात आल्याचीही भीती वाटे. सासूबाई बजावायच्या, "गोडाला हात लावू नको." मी गोड सोडलं, वर बाळासाठी सोमवार धरले.

त्या सोमवारी सकाळी नेहमीसारखी सुई घेतली आणि काही न खाता गावाबाहेरच्या महादेवाला गेले. हात जोडले आणि अंगाला दरदरून घाम फुटला. हात थरथरू लागले, समोरची पिंड अंधुक झाली. कशीबशी खांबाला टेकून बसले. हेही बाळ जाणार, एवढंच मनात होतं. देवाचं नाव घ्यायलाही ओठ हलेनात.

तेवढ्यात कुणीतरी माझा हात धरला. पूर्णेहून पाहुण्यांकडे आलेल्या, दर्शनाला थांबलेल्या एक मावशी होत्या.

"साखरेची सुई घेतीस का गं? काही खाल्लंस का?"

"उपास हाय," मी कसंबसं म्हणाले.

त्यांनी प्रसादाची खडीसाखर माझ्या ओठांशी धरली. मी तोंड फिरवलं. "मला साखर चालत न्हाई, मावशी."

"आत्ता चालतीय. तुझी साखर लय उतरलीय. माझ्या आईला असंच व्हायचं. चाव, लेकी."

मी चावली. हळूहळू पिंड स्पष्ट दिसू लागली. मग त्यांनी आपल्या डब्यातली भाकरी मला खायला लावली. शेवटच्या घासाला बाळ पोटात हललं आणि मला रडू फुटलं. त्यांनीच मला घरी पोचवलं, सासूबाईंना सगळं सांगितलं. डॉक्टरांनीही बजावलं, सुई घेऊन उपाशी राहायचं नाही.

पुढच्या सोमवारी सासूबाईंनी माझ्यापुढे ताट ठेवलं. "तू जेव. तुझा सोमवार मी धरलाय."

मुलगी सुखरूप झाली. मावशींचं नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं. त्या देवाने धाडल्या की आपसूक आल्या, हे मी ठरवत बसत नाही. रोज पूजेला बसले की त्यांच्यासाठी हात जोडते. इतके दिवस मी देवाला काहीतरी देऊन बाळ मागत होते. त्याने पुढे केलेलं मुकाट्याने घ्यावं, एवढंच त्याला माझ्याकडून हवं होतं.