आमच्या चाळीची आग-कमिटी

चाळीत राहणाऱ्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. दार उघडं ठेवलं की ते आपोआप आत येतात, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात दार बंद ठेवणार कोण? माझं तर आता असं झालंय, की एक सांगायला बसले की पाठोपाठ दुसरा निघतो, तिसरा मधेच तोंड घालतो आणि चहा गार होतो. म्हणून आज फक्त आगीचे सांगते. बाकीच्यांनी गप्प बसायचं.

लग्न होऊन मी वळसंगहून सोलापुरात आले ती थेट या चाळीत. दुमजली चाळ, मधे चौक, चौकात एकच नळ. वर आम्ही कारकून-मास्तर मंडळी, खाली गिरणीत जाणारे, आणि कोपऱ्यातल्या मोठ्या खोलीत नरसव्वा. नरसव्वा तेलुगू, विणकरांच्या घरातली. तिचा मुलगा राजय्या हातमागावर लुगडी विणायचा, ती त्याला सुताच्या कांड्या भरून द्यायची, आणि त्या एका मागावर त्यांचं अख्खं घर जेवायचं. माझ्या पहिल्या बाळंतपणात माहेरचं माणूस पोचायच्या आत तीच धावून आली होती. त्यामुळे मी तिची बाजू घेऊन बोलणार, हे आधीच सांगून ठेवते.

झालं असं, की शेजारच्या गल्लीत सुताच्या वखारीला आग लागली. माणूस कुणी दगावलं नाही, पण आमचे चाळमालक चनबसप्पा पार हादरले. अक्कलकोटकडचे, घरची बोली कानडी, माणूस सरळ पण भारी धास्तीखोर. सकाळीच चौकात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सूत आणि चूल एका खोलीत आता चालायचं नाही. आग विझवायची सोय करा, नाहीतर माग बाहेर काढा."

राजय्याचं तोंड एवढंसं झालं. माग काय पाळणा आहे, इथून सोडला नि तिथं टांगला? जमिनीत खड्डा खणून बसवलेला तो. आणि मागवाल्याला दुसरी खोली देणार कोण, तोवर खायचं काय? मला तर असा राग आला मालकांचा, की विचारू नका. पण राग करून माग वाचत नव्हता. म्हणून चाळीनं कमिटी काढली.

* * *

कमिटीचे चेअरमन गुंडोपंत. रेल्वेतून रिटायर झालेले गार्ड. पेन्शनीत निघाले तरी शिट्टी गळ्यातच. ते म्हणाले, "स्टेशनावर लाल बादल्या असतात, आपल्याकडे का नसाव्यात?" झालं, बादल्या आल्या, लाल रंगल्या, पाण्यानं भरून नळाशेजारी रांगेनं टांगल्या गेल्या.

आता मला सांगा, सोलापुरात पाणी भरून ठेवायचं आणि वापरायचं नाही, हे कुठल्या बाईला जमेल? नळाला पाणी यायचं ते घटकाभर, तेही त्याच्या मर्जीनं. दुपारी बघावं तर बादल्या कोरड्या ठणठणीत. कुणी घेतलं म्हणून विचारलं तर सगळ्या एकमेकींकडे बघायच्या. मीही बघायचे.

गुंडोपंतांनी चिडून पाण्याऐवजी वाळू भरली. वाळू अशी बारीक, सुरेख निघाली की आठवड्याच्या आत सगळ्या चाळीची पितळी भांडी लखलखायला लागली. मग त्यांनी बादल्यांसमोर खुर्ची टाकली आणि स्वतः पहाऱ्याला बसले. म्हणाले, "आता कोण हात लावतं बघतोच मी."

वरून त्यांच्याच मंडळींची, रमाकाकूंची, हाक आली. "अहो, बसलाच आहात तर ओंजळभर वाळू द्या की पाठवून. कढई करपलीय."

* * *

त्यानंतर ड्रिल निघालं. आग लागल्यावर बोंब कशी मारायची, याचीही प्रॅक्टिस हवी, असं गुंडोपंतांचं म्हणणं. सुटीच्या दिवशी सकाळी ते चौकात उभे राहिले, घसा साफ केला आणि ओरडले, "आग! आग!"

वरच्या मजल्यावरून एक बाई बाहेर येईल तर शपथ. नुसती उत्तरं आली. आमच्या वेळी नवरे बायकोला नावानं हाक मारत नसत, "अगं" म्हटलं की काम व्हायचं. तेव्हा "आग" ऐकून एकीनं आतूनच सांगितलं, "आले हो, दूध उतू जाईल." दुसरी म्हणाली, "ओरडताय कशाला, माझ्या कानात काय दडे बसलेत?" आणि रमाकाकूंनी नेमाप्रमाणे कळवलं, "पंचा खुंटीवरच आहे, नीट बघा."

खाली त्याहून मजा. नरसव्वा आणि राजय्या मोठ्या उत्साहानं बादल्या घेऊन निघाले होते, ते "आग" ऐकलं आणि होते तिथंच उभे राहिले. गुंडोपंत जितके मोठ्यानं ओरडतील तितके हे दोघं ताठ.

"अहो, हला की जागचे," गुंडोपंत म्हणाले.

"तुमीच आगु म्हंताय की," नरसव्वा म्हणाली. "मग हलू कशी?"

तेलुगूत आगु म्हणजे थांब. इतकी वर्षं एका नळावर पाणी भरलं, पण हे आम्हाला त्या दिवशी कळलं. आणि त्यासरशी आणखी एक कोडं सुटलं. नरसव्वाची शेळी दावं तोडून पळाली की ती "आगु, आगु" करत तिच्या मागं धावायची, आणि वरून आम्ही दर वेळी कळशा घेऊन खाली पळायचो. त्या बिचाऱ्या शेळीला उगाच किती वेळा अंघोळ घातली आम्ही.

* * *

पण एकदा खरंच ठिणगी उडाली. नरसव्वाच्या शेगडीतला निखारा तडतडला आणि शेजारी वाळत घातलेल्या सुताच्या लडीवर पडला. धूर निघाला. आग म्हणू नका असं आम्हीच बजावलेलं, म्हणून ती थेट पाण्यासाठीच ओरडली, "नीळ्ळु! नीळ्ळु!" तेलुगूत नीळ्ळु म्हणजे पाणी.

वर आमचा निळू राहायचा. नीळकंठ त्याचं नाव, नाटकाच्या वेडापायी अर्धा दिवस झोपणारा. आपल्याला बाईमाणूस इतक्या आकांतानं हाका मारतंय म्हटल्यावर तो गुळण्या करायचा तांब्या घेऊन तसाच खाली धावला आणि तिच्यासमोर उभा राहिला. "काय झालं नरसव्वा?"

"नुव्वु कादु," ती किंचाळली. म्हणजे तू नव्हे. "नीळ्ळु!"

"अहो, मीच निळू."

"नुव्वु कादु, नीळ्ळु!"

"मीच तो. दुसरा निळू नाही चाळीत."

शेवटी नरसव्वानं त्याच्या हातातला तांब्या हिसकावला आणि सुतावर रिकामा केला. लड वाचली. निळू मात्र पुढं कितीतरी दिवस विचारत होता, की आपण निळू नव्हे तर कोण?

आम्ही हसलो खरं, पण धूर गल्लीत दिसला होता. बातमी मालकांपर्यंत गेली. त्यांचा निरोप आला, "येत्या रविवारी मी स्वतः येतो. माझ्या डोळ्यांदेखत आग विझवून दाखवा. जमलं तर माग राहील, नाहीतर सोमवारी निघेल." नरसव्वा त्या दिवशी जेवली नाही. मीच भाकरी घेऊन गेले तर म्हणाली, "तू खा ग. मला उतरत न्हाय." मी भाकरी तिथंच झाकून ठेवून आले.

* * *

कमिटीची तातडीची मीटिंग बसली. सगळ्यांना कळेल असा एकच शब्द पाहिजे. आग म्हणजे तेलुगूत थांब. आगीला तेलुगूत निप्पु, ते आमच्या जिभेला वळेना. कानडी बेंकी म्हटलं तर पोरं हसायला लागली. तेव्हा गुंडोपंत म्हणाले, "इंग्रजी शब्द घेऊ. कुणाच्याच घरचा नाही म्हणजे भांडणच नको." मुंड्या हलल्या, ठराव पास.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यांनी चौकातून आरोळी ठोकली, "फायर!"

इंग्रजांनी शहरात लावलेला मार्शल लॉ उठून तेव्हा फार दिवस झाले नव्हते. गोऱ्या सोल्जरांचा पहारा, चौकातल्या बंदुका, सगळं ताजं होतं. त्या शब्दानंतर काय येतं हे सोलापुरात लहान पोरालासुद्धा ठाऊक होतं. एका दमात सगळ्या चाळीची दारं धाडधाड बंद. माणसं खाटांखाली, मी पोराला पोटाशी घेऊन कणगीमागं. चौकात गुंडोपंत एकटे, हातात लाल बादली.

मग रमाकाकूंच्या खाटेखालून आवाज आला, "अहो, तुम्हीसुद्धा आत या की. बाहेर कशाला थांबलात?"

हसू नंतर आलं. आधी कणगीमागून बाहेर यायलाच मला बराच वेळ लागला. गुंडोपंत बादली ठेवून वर गेले. संध्याकाळी त्यांनी कुठून तरी रुळाचा तुकडा पैदा केला आणि चौकात टांगला. गाडी यायच्या आधी स्टेशनावर बडवतात तसा तो बडवायचा. त्याला भाषाच नव्हती.

* * *

आणि आता तो रविवार.

मालक टांग्यातून उतरले. पांढरंशुभ्र इस्त्रीचं धोतर, कोट, डोक्याला पटका. चाळ झाडून-पुसून तयार, सगळे आपापल्या बादलीपाशी. नरसव्वानं दारातल्या पायरीवर तबक मांडलं होतं. त्यात राजय्यानं सकाळीच मागावरून उतरवलेलं लुगडं, डाळिंबी रंगाचं, रुंद काठाचं, मालकीणबाईंसाठी. तिचा जीव त्या तबकात होता.

गुंडोपंतांनी चौकात चिंध्यांचा ढीग केला आणि त्यावर रॉकेल ओतलं. जरा सढळ हातानंच ओतलं.

"मी जवळून बघणार," मालक म्हणाले आणि पुढं सरकले.

काडी ओढली मात्र, भडका असा उठला की गुंडोपंतच मागं पडले. मालकांच्या धोतराच्या सोग्यानं पेट घेतला. त्यांनी खाली पाहिलं आणि जे धावत सुटले ते चौकाला फेऱ्याच मारायला लागले. गुंडोपंत रूळ बडवायला धावले, ते बडवतच राहिले. आम्ही सगळे "आग, आग" म्हणून ओरडतोय, मालक स्वतः "बेंकी, बेंकी" म्हणून ओरडतायत. पाणी मारायला माणूस एका जागी तरी पाहिजे ना? एक बादली निळूच्या अंगावर गेली, वाळू गुंडोपंतांच्या डोक्यात गेली, आणि मालकांची आग वाऱ्यानं चांगली वर चढत होती. माणूस गेलाच, असंच वाटलं मला.

तेवढ्यात नरसव्वानं तबकातलं लुगडं उचललं, ती मालकांच्या समोर आडवी उभी राहिली, हात फैलावले आणि ओरडली, "आगु!"

मालकांचा जन्म विणकरांत व्यवहार करण्यात गेलेला. त्यांना शब्द कळला. ते थांबले.

पुढचं सगळं पापणी लवायच्या आत. तिनं लुगडं उलगडून त्यांना गच्च गुंडाळलं, खाली पाडलं आणि चौकाच्या फरशीवर लाटण्यानं पोळी लाटावी तसं लोळवलं. धूर निघाला आणि आग विझली. मग आमच्या उरलेल्या सगळ्या बादल्या नेमक्या त्यांच्या अंगावर आल्या.

मालक उठून बसले. पोटऱ्या थोड्या भाजल्या होत्या, रमाकाकूंनी खोबरेल लावलं. पटका कुठंतरी गेला होता. धोतर म्हणावं असं काही उरलं नव्हतं. गुंडोपंत स्वतःचं धोतर आणायला वर धावले, पण मालकांना आता त्या चौकात क्षणभर थांबायचं नव्हतं. त्यांनी लुगडं कमरेला नीट खोचलं, उरलेलं खांद्यावरून घेतलं आणि कुणाकडे न बघता चालू लागले. मागाबद्दल अवाक्षर नाही. राजय्या दाराची चौकट धरून उभा होता. अख्खी चाळ त्यांच्या मागोमाग गल्लीपर्यंत गेली.

टांगेवाला तिथं घोड्याला चारा घालत होता. आतला गलका त्याला ड्रिलचाच वाटला होता. मालक मागं चढून बसले, तसा लुगड्याचा काठ तेवढा डोळ्याच्या कोपऱ्यातून बघून तो मान न वळवता लगाम धरून म्हणाला, "अम्मा, किदर कू जाना?"

कुणाला हसायचं भान नव्हतं. नरसव्वा पुढं झाली आणि तिनं टांग्याचा दांडा धरला.

"मालक," ती म्हणाली, "माग?"

मालकांनी एकदा स्वतःकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"नरसव्वा, मी कुणाच्या मागावरचं नेसलोय ते बघ की आधी, मग विचार."