करीमभाई, आमच्या बोट क्लबचे सेक्रेटरी

करीमभाईंना माती देऊन आलो, त्या संध्याकाळी सगळे क्लबात बसलो. मग एकानं एक किस्सा सांगितला, त्यावरून दुसऱ्याला दुसरा आठवला. तेव्हापासून चार मेंबर जमले की हेच!

वाशीमला कुठला आलाय समुद्र? पण तळ्यावर आमचा बोट क्लब होता आणि शिडाची एकच होडी. बदली झालेला एक इंग्रज साहेब ती मागं ठेवून गेलेला. करीमभाईंचं कापडाचं दुकान. शीड फाटलं की दुकानातला मांजरपाट काढून स्वतः शिवायचे. पहिल्या दिवशी सेक्रेटरी झाले, ते मरेपर्यंत!

•

एकदा बदलून आलेले नवे साहेब होडीत बसले आणि वारा पडला. साहेब तापले, "सेक्रेटरी, होडी का चालत नाही?"

"साहेब, मी होडीचा सेक्रेटरी. हवेचा सेक्रेटरी वर बसते!"

•

केनवडचा एक पाहुणा हसला. "एवढुशा तळ्यात होडी कायले? पोहून जाता येते!"

"जा ना मंग," भाई म्हणाले. "आमी होडीतून घ्यायले येतो!"

•

एका उन्हाळ्यात तळं आटलं. होडी भेगाळलेल्या गाळात कलंडली. भाईंनी मीटिंग होडीतच लावली!

मी म्हटलं, "भाई, पाणीच नाही, तं मीटिंग कायची?"

"पाणी पाहुणा हाय. पाहुणा गेला म्हणून कोणी घर मोडते काय?"

•

एक किस्सा मात्र कुणी काढत नाही. मीच सांगतो, कारण शेवटी भाई-भाभींबरोबर होडीत मी होतो.

भाईंचा एकुलता एक युसूफ, तरणाबांड. एका सकाळी एकटाच होडी घेऊन गेला. वावटळ आली, होडी उलटली. पोहणारा पोरगा, पण शिडाखाली अडकला.

त्याच्या मरणाचा चाळिसावा दिवस झाल्यावर मेंबर म्हणाले, होडी फोडून टाकू.

"तिचा काय कसूर?" भाई म्हणाले.

तेवढ्यात भाभी आल्या. जन्मात कधी तळ्याकडं न फिरकलेली बाई.

"मले जागा दाखवा," म्हणाल्या.

भाईंनी त्यांना होडीत बसवलं. वल्ही मी घेतली. मधोमध आल्यावर भाईंनी हात वर केला. मी थांबलो. भाभींनी ओढणीआडून फडक्यात बांधलेली भाकर काढली, एक तुकडा मोडला आणि पाण्यात सोडला.

"उपाशीच गेला व्हता," त्या म्हणाल्या.

भाई होडीतून पाण्याकडं वाकले. मग हळूच म्हणाले,

"आणखी एक दे त्याले."