सुनेच्या नावाचं औषध

रखमा ठाकरीण वांगणीपलीकडच्या पाड्यावरून दर शुक्रवारी बेलवलीत यायची आणि जनाबाईच्या ओट्यावर फडकं पसरायची. फडक्यावर शतावरीच्या मुळ्या, लोध्राची साल, धायटीची वाळलेली लाल फुलं, बाळंतशेपा. ओरडून विकणं तिला ठाऊक नव्हतं. डोंगर कुणाला हाका मारत नाही, गरज असलेलं माणूस आपल्या पायांनी चढून येतं, असं ती मान ताठ करून सांगायची.

शुक्रवारच का? तर त्या दिवशी आनंदनगरच्या कारखान्यांना सुट्टी, आणि जनाबाई घरी. जनाबाई तिथं बाटल्या भरायला जायची. दहा-अकरा वर्षांपूर्वी रखमा पहिल्यांदा इकडं आली, तेव्हा बंगल्यांच्या फाटकांवरून तिला हुसकावलं होतं. बौद्धवस्तीतल्या जनाबाईनं मात्र ओटा झाडून दिला होता आणि म्हटलं होतं, "बस गं बाय. हितं तुला कोण उठवतं ते मी बघते." तेव्हापासून त्या दोघींचा एकच चहा, अर्धा कपात, अर्धा बशीत.

बाईमाणसाची एक रीत असते. डोकं दुखलं तर गावभर सांगेल, पण ओटीपोटाचं दुखणं दुसरीच्या नावावर घालेल. रखमा ती रीत पाळायची.

"माझ्या जावेला गं, अंगावरून पांढरं जातंय."

"जाऊ तुझ्याच वयाची?"

"हो."

"तुझ्यासारखीच पोटऱ्या चोळीत बसते?"

"हो गं, अगदी!"

"मग जावेला सांग, चिंच बंद. आन् तू पण खाऊ नको, जावेच्या सोबतीला."

ओट्यावरच्या बायका पदरात तोंड घालून हसायच्या. औषध जावेच्या नावानं जायचं आणि बरोबर त्याच पोटात पोचायचं. माणूस ओळखण्यात रखमा कधी चुकली नव्हती, आणि याचा तिला मुळ्यांपेक्षा जास्त अभिमान होता.

एकाच दुखण्याला ती हात लावत नसे. पाळी जाऊन वर्षं लोटली आणि पुन्हा रक्त दिसलं, तर ती फडक्याचं टोक मुळ्यांवर ओढून घ्यायची. "आटलेला झरा पुन्हा लाल वाहिला, तर त्याला माझ्या डोंगरात मुळी नाय. ऊठ. मोठ्या दवाखान्यात जा." हे बोलणं जनाबाईनं त्याच ओट्यावर चहा गाळताना कितीदा तरी ऐकलं होतं.

ब्याण्णव सालच्या फाल्गुनात जनाबाई म्हणाली, "रखमा, सुनेला काही तरी दे. अंगावरून लाल लई जातंय. पंधरा-पंधरा दिवस."

सून विशाखा. दोन महिन्यांपूर्वीच बाळंत झालेली.

"कंबर दुखते?"

"मोडून पडते."

"वास?"

जनाबाईनं मान खाली घातली. "येतो."

ओल्या बाळंतिणीचं अंग, असं रखमाच्या मनानं घेतलं. आणि दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर ती त्या बाईच्याच डोळ्यांत बघती. पण जनाबाई कशाला लपवील? जनाबाईनं आजवर आपलं दुखणं आपल्याच तोंडानं सांगितलेलं. रखमानं लोध्राची साल कुटली, धायटीची फुलं मिसळली. "तांदळाच्या धुवणातनं दे. दोन वेळा."

चैत्र गेला, वैशाख आला. एका शुक्रवारी विशाखा नळावरून दोन हंडे घेऊन आली, गाल कसे टवटवीत, चाल कशी हरणासारखी. रखमाची छाती फुगली.

"बघितलंस? लागली का नाय माझी मुळी?"

"लागली," जनाबाई म्हणाली, आणि हसली. "तरी अजून थोडी दे. मुळापासून जाऊ दे."

जनाबाईच्या पोलक्याच्या बाह्या दंडावर सैल लोंबत होत्या. रखमानं विचारलं, तर म्हणाली, कारखान्यात ओव्हरटाइम आहे. रखमानं मान डोलावली आणि पुडी बांधली.

ज्येष्ठात जनाबाई आत चुलीपाशी होती आणि विशाखा बाहेर बाळाला पाजत बसली होती. रखमानं सहज विचारलं, "धुवणातनंच घेतीस ना गं?"

"काय, मावशी?"

"औषध."

"मी कुठं काय घेते? मला तर अजून पाळीच आली नाही. बाळ अंगावर पितंय ना."

रखमानं दाराकडं पाहिलं. दारात जनाबाई उभी होती, चहाची कपबशी घेऊन.

विशाखा आत गेल्यावर रखमा म्हणाली, "किती वर्सं झालती बंद होऊन?"

"पाच."

"मला फसवलंस, जने?"

"तुला सांगितलं असतं तर तू फडकं झाकलं असतंस." जनाबाई खाली बसली. "माझी थोरली बहीण दवाखान्यात गेली ती परत आली नाही. आन् नातू मांडीवर घेऊन कुणाला सांगू, की मला हे सुरू झालंय? म्हटलं, तुझ्या हाताला गुण आहे. कुणाच्या का नावानं, पोटात तर जाईल."

रखमानं तिला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. स्वतः नेलं, हात धरून. डॉक्टरीणबाई कागदावरून नजर न उचलता म्हणाली, "चार महिने आधी आणायचं होतं." रखमानं मनात मोजलं. फाल्गुन, चैत्र, वैशाख, ज्येष्ठ. चारही महिने तिच्याच पुड्यांत बांधलेले होते.

दिवाळीच्या आधी जनाबाई गेली.

रखमा पुढंही येत राहिली. विशाखा ओटा झाडून ठेवायची. पण आता कुणी म्हणालं, "माझ्या जावेला गं," तर रखमा म्हणायची, "जावेला घेऊन ये. जिचं दुखणं तिनं यावं, माझ्यापुढं बसावं, आपल्या तोंडानं सांगावं." बायका हिरमुसून उठायच्या. कोण बोलेल आपल्या तोंडानं? हळूहळू त्या स्टेशनाजवळ बसणाऱ्या वैदूकडं जाऊ लागल्या. तो काही विचारीत नसे.

एका शुक्रवारी दिवसभर कुणी आलं नाही. विशाखा चहा घेऊन आली आणि म्हणाली, "मावशी, पहिल्यासारखं देत जा ना. त्यांना लाज वाटते."

"तुझ्या सासूला पण वाटली," रखमा म्हणाली.

रखमानं चहाचा कप हातात घेतला, अर्धा चहा बशीत ओतला, आणि बशी सवयीनं शेजारच्या मोकळ्या जागेकडं सरकवली.