आईनं रचलेलं भजन

माझा धाकटा भाऊ यंत्रमागावर शॉक बसून गेला. मागाच्या मोटारीजवळची वायर कधीपासून उघडी होती आणि ते त्यानं मालकाच्या कानावर घातलं होतं. मालकानं पोलिसांना सांगितलं, पोरगा पिऊन आला होता. भावाच्या गळ्यात तुळशीची माळ होती. माझा मामा त्याच कारखान्यात माग दुरुस्त करायचा. भाऊ पडला तेव्हा तो शेजारीच होता. जबाबात तो म्हणाला, "मी तितं नव्हतो."

आई विड्या वळायची आणि मंगळवारी देवीच्या देवळात भजन म्हणायची. भाऊ गेल्यावर ती कितीतरी दिवस नुसत्या विड्याच वळत राहिली. मग एका सकाळी वळता वळता गुणगुणायला लागली. लिहिता येत नव्हतं, सगळं तोंडातच रचलेलं.

तुझ्या गाभारी समई, वात तेलानं भिजली
माझ्या लेकराची वात उघड्या तारेनं विझली
खोटं बोलल्या हाताचा कसा नारळ घेतेस?

देवळात तिनं ते म्हटलं तेव्हा बायका पदर तोंडाला लावून रडल्या.

त्या नवरात्रात मालकानं देवळाला माइक आणि स्पीकर दिले. पहिल्या माळेला तो पुढंच बसला होता. आईनं तेच भजन म्हटलं. त्यानं डोळे पुसले आणि नंतर तिच्याजवळ आला.

"मावशी, आवाज गोड आहे तुमचा. ती नारळाची ओळ तेवढी गाळा. देवीला बरं वाटणार नाही."

"देवीला इचारलं का तुमी?" आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मामा घरी आला. आईकडचे टाळ भजनी मंडळाचे होते, ते परत न्यायला मालकानं त्याला पाठवलं होतं.

"आक्का, मला कामावरनं काढतील की. दोन पोरी हायेत मला."

"मला ल्योक एकच होता," आई म्हणाली.

मामानं चहा घेतला, टाळ पिशवीत टाकले आणि गेला.

अष्टमीला स्पीकरवरून आईची चाल ऐकू आली. शब्द बदललेले. दात्याच्या घरी लक्ष्मी नांदो, त्याच्या मागाला बरकत येवो. आई उठली. मी तिच्या मागं गेले. आत कुणी सरकून जागा दिली नाही, म्हणून ती चपला काढतात तिथं बसली आणि टाळ्या वाजवत आपले शब्द म्हणू लागली. स्पीकरच्या यंत्राजवळ मामा बसला होता. त्यानं आमच्याकडं बघितलं आणि आवाज वाढवला. शेजारी बसून मलासुद्धा आईचे नुसते ओठ हलताना दिसत होते. तिनं शेवटचं कडवं पुरं केलं, मगच उठली.

"चाल लई ओढत्यात," वाटेत एवढंच म्हणाली.

पोलिसांची चौकशी कधीच बंद झाली. बदललेलं भजन अजून दर नवरात्रात होतं. नव्या सुना ते मंडळाचंच समजतात. मामाच्या थोरलीच्या लग्नात मालक अक्षता टाकायला आला होता. आईनं भाचीला हळद लावली आणि न जेवता परतली.

देवळात ती आता जात नाही. घरच्या देवीला मात्र रोज फूल वाहते. मी एकदा चिडून विचारलं, "अजून कशाला पुजतेस तिला?"

"तिलाबी कुणीतरी गप बसवलं असंल," आई म्हणाली आणि निरांजन लावायला काडेपेटी शोधू लागली.