दोन पट्ट्यांमधला वारा

भाचीच्या डोळ्यांचं ऑपरेशन माझ्या मशीनवर ठरलं, तेव्हा घरात सगळ्यांना हायसं वाटलं आणि माझी झोप उडाली. माझं मशीन म्हणजे मालकीचं नव्हे. चष्म्याचा नंबर घालवणारी लेझर मशीनं दुरुस्त करणं हा माझा धंदा, आणि नाशिकमधल्या त्या दवाखान्यातलं मशीन मीच बसवलं, मीच सांभाळतो. भाचीची आई, म्हणजे माझी ताई, येवल्याहून फोनवर म्हणाली की घरचाच माणूस मशीनपाशी आहे म्हटल्यावर आपल्याला कसली काळजी. आता हिला काय सांगणार? जेवणारा पोटभर जेवतो, कारण त्यानं स्वयंपाकघर पाहिलेलं नसतं. मी तर त्याच स्वयंपाकघरात राहतो.

भाची कबड्डी खेळते. चष्मा लावून खेळता येत नाही, आणि लेन्स घातली की मैदानातल्या धुळीनं तिचे डोळे लालभडक व्हायचे. म्हणून पोरगी आजवर तशीच खेळली, समोरच्याचा चेहरा न दिसता, नुसत्या हालचालीच्या अंदाजावर. समोरच्याची नजर दिसली की तो कुठे झेप घेणार ते आधीच कळतं, आणि तेवढंच आपल्याला कधी मिळालं नाही, असं ती म्हणायची. मला ते पटत होतं. तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

कारण आत काय चालतं ते मला ठाऊक होतं. मशीनच्या पोटात एक जाड धातूची नळी असते. तिच्यात दाबाखाली भरलेला विषारी गॅस, आणि समोरासमोर दोन लांब पट्ट्या. त्या पट्ट्या म्हणजे इलेक्ट्रोड. त्यांच्यात हजारो व्होल्टचा झटका बसला की मधला गॅस क्षणभर उजळतो आणि डोळ्याला आकार देणारा किरण बाहेर पडतो. पण गॅस या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा उजळला पाहिजे. वीज एका जागी गोळा झाली की ठिणगी पडते आणि किरणाचं वाटोळं होतं. पट्ट्यांच्या कडा म्हणूनच घासून गोल केलेल्या असतात, कोपरा राहिला की वीज नेमकी तिथेच धावते.

एवढ्यावर भागत नाही. एकदा उजळलेला गॅस लगेच पुन्हा कामाचा नसतो. तो बाजूला सारून पट्ट्यांमध्ये ताजा गॅस आणायला आत एक लांब पंखा फिरत असतो. नवीन पोरांना मी सांगतो, पंगतीसारखं समजा. पहिली पंगत उठली, पत्रावळी उचलल्या, जागा पुसली, की मगच दुसरी बसवायची. इथे डोळ्याची पापणी लवेपर्यंत कितीतरी पंगती उठतात. पंखा जरा मंदावला तर उष्ट्यावरच पुढची पंगत बसते, आणि ठिणगी तिथेच पडते.

मन चिंती ते वैरी न चिंती, तसं माझं झालं. गरज नसताना गॅस बदलला. आरसे तपासले, परत तपासले. जेवताना हात थांबायचा आणि मनात यायचं, पट्ट्या झिजल्या असतील तर? बायको म्हणाली, अहो, तुम्हीच नजर लावाल त्या मशीनला.

आदल्या दिवशी ताई आणि भाची तपासणीसाठी एसटीनं आल्या. मी द्वारका चौकातून त्यांना घेऊन दवाखान्यात पोचलो आणि पाहतो तर ताईच्या अंबाड्यात भला मोठा गजरा, भाचीच्या अंगाला अत्तर. मी तिथेच भडकलो. लेझरच्या खोलीत वास चालत नाही, अत्तराची वाफ किरणाच्या वाटेत येते, हे फोनवर चारदा सांगितलं होतं. ताईनं गजरा काढून पिशवीत ठेवला. शुभकार्याला निघालेल्या बाईवर मी उगाच खेकसलो, हे मला कळत होतं, पण भीती वाटली की मला राग येतो. तो स्वभावच आहे.

मग जरा नमतं घेतलं. भाचीची भीती जावी म्हणून दोघींना टोप्या घालून मशीन दाखवायला आत नेलं. माझं काम चालू होतं, मागचं कव्हर उघडंच होतं. मी भाचीला स्क्रीनपाशी पंगतीचं पुराण ऐकवत होतो. ताई मशीनच्या मागे उभी राहून हात जोडत होती. त्या गेल्यावर मी कव्हर लावलं आणि घरी आलो.

सकाळी ऑपरेशनच्या आधी डॉक्टरबाईंनी नेहमीप्रमाणे चाचणीच्या पट्टीवर किरण सोडला. मशीनचा आवाज सुरू झाला, टकटकटक, एकसारखा. आणि मध्येच एक चट्ट. पुन्हा टकटक, पुन्हा चट्ट. मी स्क्रीन पाहिली. किरणाची ताकद अगदी हवी तेवढी. पण व्होल्टेज कालच्यापेक्षा वर होतं. किरण कमी पडला की हे मशीन आपणहून व्होल्टेज चढवतं आणि आकडा जुळवून घेतं. आकडा जुळला होता, पण माझ्या कानाला तो आवाज जुळत नव्हता.

मी थांबा म्हणालो. बाईंनी आकडे पाहिले, पट्टीवरची खूण पाहिली. सगळं ठीक होतं. बाहेर भाची डोळ्यांत थेंब घालून बसली होती, ताईच्या हातात जपमाळ होती. बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमची भाची आहे म्हणून घाबरताय का?"

दुसऱ्या कुणाची भाची असती तर हा आवाज मला ऐकू आला असता का? की आकड्यांवर बोट ठेवून मी चहा प्यायला गेलो असतो? हा विचार त्या ठिणगीपेक्षा जास्त झोंबला.

"हो," मी म्हणालो. "आणि तरीही थांबवा."

त्यांनी थांबवलं. बाहेर जाऊन थोडा उशीर होईल म्हणून सांगितलं, तेव्हा ताईचा चेहरा पांढरा पडला. मी मशीन बंद करून मागचं कव्हर उघडलं. आतल्या पंख्याची मोटर नळीच्या बाहेर असते, लोहचुंबकाच्या ओढीनं ती पंखा फिरवते. त्या मोटरच्या आसाला लाल दोरा गुंडाळला होता. घट्ट, पीळ बसलेला, तेलानं काळवंडलेला. सुटं टोक आसात ओढलं गेलं होतं आणि पंखा त्यानंच मंदावला होता. त्याचं दुसरं टोक शेजारच्या दांडीला व्यवस्थित गाठ मारून बांधलेलं होतं, आणि त्या गाठीत हळद होती.

ताईच्या गावच्या देवीचा दोरा. लेकीच्या डोळ्यांना काही होऊ नये म्हणून मशीनलाच राखण. मी गजऱ्यावरून खेकसलो नसतो तर बिचारीनं मला विचारून बांधला असता. मी तिथेच खाली बसलो. हसावं की रडावं, काही कळेना. बाईंना सांगितलं, काहीतरी अडकलं होतं, कव्हर लावताना मी बघितलं नाही.

दोरा कापून काढला. कचऱ्याच्या डब्यावर हात नेला, पण टाकवेना. माझा देवावर विश्वास आहे की नाही ते मला नीट माहीत नाही, पण तो दोरा मी शर्टाच्या खिशात ठेवला. मशीन पुन्हा चालवलं. व्होल्टेज खाली आलं. बाई आणि मी दोघं कान देऊन ऐकत राहिलो. टकटकटक, स्वच्छ. मग त्यांनीच मान हलवली आणि भाचीला आत बोलावलं.

मी भिंतीपलीकडे उभा राहून प्रत्येक ठोका ऐकला. आवाज थांबला तेव्हा माझी पाठ घामानं भिजली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यांवरची झाकणं काढली. भाचीनं तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला, अगदी शेवटची ओळ सुद्धा. ताईचे डोळे भरून आले. मला म्हणाली, "तू ओरडशील म्हणून परवा बोलले नाही. मी देवीचा दोरा बांधला होता तुझ्या मशीनला. त्यानंच तारलं बघ माझ्या पोरीला."

सगळं जिभेच्या टोकावर आलं होतं. मोटर, ठिणगी, माझी ती सकाळ, सगळं. पण तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि नुसती मान डोलावली.

भाची खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, मग तिची नजर माझ्या खिशावर आली. तिथून लाल दोऱ्याचं एक टोक डोकावत होतं, तेलकट, तुटलेलं. रात्री शर्ट बदलायचं सुद्धा मला सुचलं नव्हतं. तिनं एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. उठून जवळ आली आणि एका बोटानं तो दोरा खिशात आत ढकलला.

मग आईचा हात धरून म्हणाली, "तारलं गं आई. पण पुढच्या वेळी मशीनला नको. माझ्या हाताला बांध."